एक कोयता, अर्धा कोयता

इंग्रजी 'चॉपर'चे अर्थ अनेक : खाटकाचा सुरा, हेलिकॉप्टर, शिवाय एका घाटाची मोटारसायकल. मराठी वृत्तपत्रे सुरा आणि हेलिकॉप्टर दोन्हींसाठी तो वापरतात आणि वाचकाची फसगत होत नाही. आपल्या 'कोयत्या'चे मात्र तसे नाही.

पिंपरी-चिंचवडच्या बातम्यांत 2022-23च्या सुमारास 'कोयता गँग' हा शब्दप्रयोग रूढ झाला. कोयते उगारून दहशत माजवणाऱ्या, पुष्कळदा अल्पवयीन मुलांच्या या टोळ्या. परंतु याच शहरालगत कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, आणि ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता हे माणसांचे माप आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा मजूर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. अशा कोयत्यांच्या समूहाला म्हणतात टोळी! म्हणजे 'कोयत्यांची टोळी' फडात आधीच होती, गुन्हेवार्तेत ती नंतर आली.

साधनावरून माणूस ओळखणारी ही लक्षणा अध्यापकांनी वर्गात खुशाल सांगावी. मात्र तिच्या पोटात काय दडले आहे तेही सांगावे. जोडप्याच्या हिशेबात बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही. खाडा पडला की दंड. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019मध्ये चव्हाट्यावर आला, तेव्हा या खाड्याचीही चर्चा झाली.

उद्याच्या कोशकाराने 'कोयता गँग' अवश्य नोंदवावे. त्याआधी 'जोडपे' हा अर्थ नोंदवला गेला पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.