आठवा पिंजरा

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी पोलीस भरतीहून परत आला. दोन वर्षे तो पहाटे उठून गावच्या रस्त्यावर धावत होता; लेखी परीक्षेची तयारीही पक्की होती. पण पट्टीखाली उभा राहिला तेव्हा १६३ सेंटिमीटर भरला. पुरुष उमेदवाराला १६५ लागतात. मी विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सर, आपली माणसंच बुटकी. त्याला कोण काय करणार?"

हीच गोष्ट मी आमच्या प्राध्यापक-कक्षात सांगितली. एका सहकाऱ्याने चहाचा घोट घेत शास्त्रीय खुलासा केला: "अहो, शेकडो वर्षं कमी अन्नावर जगून शरीराने अनुकूलन करून घेतलंय. उत्क्रांतीच आहे ती." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. विज्ञान बोलत आहोत अशीच त्यांची समजूत होती. मी इतिहास शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. पण या दोन वाक्यांनी मला झोप येईना. विद्यार्थी म्हणतो जात बुटकी, सहकारी म्हणतात उत्क्रांती. दोघांचे म्हणणे एकच: जे आहे ते निसर्गाने दिलेले आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे 'हे तुमच्या जन्माचेच फळ' असे ऐकवले गेले, त्याने हे वाक्य तपासल्याशिवाय स्वीकारता कामा नये. म्हणून अन्न आणि शरीर यांच्या संबंधाचा शोध माणसाने कसा घेतला, हा इतिहास मी वाचू लागलो. तो सुरू होतो कोंबड्या, गाई आणि उंदीर यांच्यापासून.

जावा बेटावर डचांचे राज्य होते. तेथे सैनिकांना आणि कैद्यांना बेरीबेरी होई; पाय लुळे पडत, माणसे मरत. ख्रिस्तियान आइकमन हा डॉक्टर बटाव्हियाच्या लष्करी इस्पितळात त्याचे जंतू शोधत होता. १८९० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्याच लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले की त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला. कोंबड्यांना स्वस्तातला, कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या. पुढे जावातील तुरुंगांची पाहणी झाली तेव्हा हातसडीचा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत हा रोग फारच कमी आढळला. साहेबाच्या ताटातले पांढरे ते श्रेष्ठ ही समजूत कोंबड्यांनी खोटी पाडली. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिनचा. १९०७ साली तेथील कृषी प्रयोग केंद्राने सोळा कालवडींचे चार गट केले. एका गटाला फक्त मक्याच्या रोपापासून केलेले खाद्य, दुसऱ्याला गव्हाच्या, तिसऱ्याला ओटच्या, चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. रसायनशास्त्रज्ञांच्या कागदावर चारही खाद्ये सारखी होती. प्रथिने तेवढीच, उष्मांक तेवढेच. वजनही सगळ्यांचे वाढले. फरक दिसला तो वासरे झाल्यावर. मक्यावरच्या गाईंची वासरे धडधाकट निघाली. गव्हावरच्या गाईंची वासरे वेळेआधी आली, मेलेली आली किंवा जन्मून लगेच मेली. प्रयोग १९११ पर्यंत चालला. त्याच केंद्रातील एल्मर मॅककॉलम यांनी गाई सोडून उंदीर घेतले, आणि १९१३ साली मार्गरिट डेव्हिस यांच्यासह लोण्यात आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात असलेले एक जीवनद्रव्य दाखवून दिले. त्यालाच पुढे 'अ' जीवनसत्त्व म्हणू लागले.

या प्रयोगातील एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. कागदावर सारखे दिसणारे अन्न प्रत्यक्षात सारखे नसते, आणि त्याचा हिशेब खाणाऱ्याच्या अंगावर लगेच दिसेलच असे नाही. तो तिच्या वासरात दिसतो. म्हणजे प्रश्न एका पिढीचा नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. रॉबर्ट मॅककॅरिसन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. निलगिरीतील कुन्नूर येथे त्यांनी आहारविषयक संशोधन उभे केले. आज हैदराबादला असलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मूळ तेच. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी पांढऱ्या उंदरांचे सात गट केले. वय सारखे, वजन सारखे, पिंजरे सारखे. प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका लोकसमूहाचा आहार दिला: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. वाढीचा क्रम मी वर दिला तसाच लागला. सगळ्यांत पुढे शीख आहाराचे उंदीर. त्यांच्या खाण्यात सबंध गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, कच्च्या भाज्या आणि आठवड्यातून एकदा मटण होते. सगळ्यांत मागे पांढऱ्या तांदळावरचे मद्रासी आहाराचे उंदीर. त्यांचे वजन पहिल्या गटाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरले. विलायतेतील गरीब कामगारांचा आहार, म्हणजे पांढरा पाव, मार्गारिन, डबाबंद मांस, जॅम आणि गोड चहा, हाही त्यांनी उंदरांना देऊन पाहिला. ते उंदीर खुरटले, चिडखोर झाले आणि आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले.

या प्रयोगाचे महत्त्व काळाच्या संदर्भात पाहिले पाहिजे. तेव्हा इंग्रजी लष्करात 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त चालत होता. काही जाती रक्तानेच शूर, काही रक्तानेच भ्याड. याच सिद्धान्ताच्या आधारे १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांनी कोरेगावला रक्त सांडले होते, ते एका कागदाने नालायक ठरले. गोपाळबुवा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. मॅककॅरिसन स्वतः त्याच सरकारचे नोकर होते आणि 'वंश' हा शब्द तेही वापरत. पण त्यांच्या पिंजऱ्यात सारे उंदीर एकाच वाणाचे होते. रक्त एक, अन्न निराळे, आणि शरीरे निराळी झाली. लढवय्या रक्ताच्या सिद्धान्ताला याहून सरळ उत्तर सापडणे कठीण.

तरीही हे वाचताना माझा हात थांबला. सात पिंजरे होते, आठवा नव्हता. 'मराठा' पिंजऱ्यात कोणाचे ताट होते? एका गावात एकच आहार असतो, असे गावकुसाच्या आत राहणाऱ्यालाच वाटू शकते. माझी आजी सांगायची, बलुत्याची भाकरी मागून आणायची, ती कधी कालची, कधी परवाची. ढोर मेले की त्या आठवड्यात घरात मटण. उरलेले वाळवून चान्या करायच्या. बांधावरची घोळ, तरोटा खुडून आणायचा. दूध? "दूध आपण दुसऱ्याच्या गोठ्यात बघायचो," ती म्हणायची. या ताटाचे वजन कोणी केले नाही. त्याचा उंदीर कोणी वाढवला नाही.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे आवाहन केले. आमच्या आजोबांच्या पिढीने ते सोडले. तो माणूस होण्याचा निर्णय होता आणि मला त्याचा अभिमान आहे. पण इतिहासकाराने दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्या लोकांनी आपल्या ताटातले एक अन्न स्वाभिमानासाठी बाजूला काढले. त्या जागी गावाने दुधाचा पेला ठेवला नाही. ती रिकामी जागा त्यांनी पोटाला चिमटा घेऊन सोसली.

बाबासाहेबांनी वंशशुद्धीचा प्रश्न १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात सरळच हाताळला होता. जातिव्यवस्था ही उत्तम संततीसाठी केलेली योजना आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले, मग तिची फळे कोठे आहेत? सबंध हिंदू समाजच खुजा आणि दमाने कमी. देशातील दहांपैकी नऊ माणसे लष्कराला अपात्र. जनावरांची पैदास करणाराही फळावरून वाण ओळखतो. बाबासाहेबांनी तीच कसोटी जातीला लावली.

आता माझ्या सहकाऱ्यांच्या 'अनुकूलन' या शब्दाकडे वळतो. उत्क्रांतीत अनुकूलन खरोखर होते. डार्विनने १८५९ च्या ग्रंथाची सुरुवातच पाळीव जनावरे आणि कबुतरे यांच्यापासून केली. माणसातले उदाहरण दुधाचे. बहुतेक माणसांची दूध पचवण्याची शक्ती बालपणानंतर ओसरते. गुरे पाळणाऱ्या काही समाजांत ती टिकवणारा जनुकीय बदल पसरला. भारतात तो वायव्येकडे अधिक, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी आढळतो. पण याला हजारो वर्षे लागली, आणि हे घडले कारण तो बदल असलेल्यांची मुले अधिक जगली. उपाशी मुलाची वाढ थांबते, ती गोष्ट निराळी. तेथे शरीर काटकसर करते. जो शेतकरी बियाण्याचे धान्य विकून कर्ज फेडतो, त्याने परिस्थितीशी जुळवून घेतले असे म्हणता येईल. त्याची शेती सुधारली असे म्हणता येणार नाही.

या दोन अर्थांची गल्लत आपल्याच महाराष्ट्रात मोठ्या वादाचे कारण झाली. डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे, जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेतून निवृत्त होऊन ते पुण्यात आले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा २२५० उष्मांकांवर आखली होती. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर स्वतःचे नियमन करते, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी धरणे चूक. त्यांनी स्वच्छ पाण्यावर आणि आरोग्यावर जो भर दिला तो योग्यच होता. पण त्यांनीच संपादित केलेल्या १९८२ च्या पुण्याच्या ग्रंथात डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने पुढची पायरी गाठली: भारतातील बहुतेक खुरटी मुले लहान, पण निरोगी आहेत. दांडेकरांनी सुखात्मे यांच्या हिशेबाला विरोध केला. कुन्नूरच्याच परंपरेतील डॉ. सी. गोपालन यांनी सेकलरला उत्तर दिले. गरिबांसाठी एक माप आणि श्रीमंतांसाठी दुसरे, हे त्यांना मान्य नव्हते. मला त्यांचे म्हणणे पटते. कोणत्याही डॉक्टरने स्वतःच्या मुलाची वाढ खुंटली असता 'छान अनुकूलन झाले' असे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

पुढचे उत्तर पुन्हा प्राण्यांनी आणि पुण्याने दिले. इंग्लंडमध्ये स्ट्यूअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या बारा पिढ्या कमी प्रथिनांवर वाढवल्या. मग पोटभर अन्न दिले. वाढ पूर्ववत व्हायला तीन पिढ्या लागल्या. पुण्यात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांची वजने कमी आणि रक्तात इन्शुलिन वाढलेले होते; दोन पिढ्या नीट खायला घालूनही हे दोष गेले नाहीत. आणि माणसांत, १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भार बायांचा अभ्यास केला. तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती. स्नायू कमी, पण चरबी मात्र बरीच राखलेली. हीच ठेवण पुढे मधुमेहाकडे नेते. लहान होती, निरोगी नव्हती. पन्नास पिढ्यांतही उंदीर उपासमारीला 'अनुकूल' झाला नाही. तो फक्त कर्ज पुढच्या पिढीच्या नावावर करत राहिला.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला पुन्हा बोलावून बसवले. म्हणालो, "तुझी आजी काय खायची? ती गर्भार असताना कोणाच्या शेतात होती?" तो आईला विचारून आला. आठ दिवसांनी एका वहीत तीन पिढ्यांचे जेवण लिहून आणले. त्या वहीत दूध एकदाच आले होते, आजारपणात. मी सांगितले, "ते दोन सेंटिमीटर या वहीत आहेत. तुझ्या जातीत नाहीत."

यावरून आपण रोगट ठरलो असा अर्थ कोणी काढू नये. तीन पिढ्यांत उंदीर सावरले, ही गोष्टही त्याच प्रयोगाने सांगितली आहे. प्रश्न त्या तीन पिढ्यांना अन्न देण्याचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले खुरटी आढळली. अनुसूचित जातींत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर होते. २०२३ साली महाराष्ट्रात शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडे आले. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा खर्च देणे बंद केले आणि लोकवर्गणी काढा असे शाळांना सांगितले. मॅककॉलमने अंड्याच्या बलकात जे शोधले त्याला शंभरावर वर्षे झाली. ते आमच्या मुलींच्या ताटात पोचायला अजून अर्ज करावा लागतो. मुलींच्या म्हणतो, कारण विस्कॉन्सिनच्या कालवडींनी सांगितलेले मी विसरलेलो नाही.

जे कार्यकर्ते आणि शिक्षक हे वाचत असतील त्यांना माझी एक विनंती आहे. आपापल्या वर्गात, वस्तीत अशा वह्या लिहून घ्या. आजी काय खायची, आई काय खायची, आज ताटात काय आहे. जो आठवा पिंजरा कुन्नूरला ठेवला गेला नाही, त्याची नोंद आपणच करू शकतो. माझ्याकडे आतापर्यंत सतरा वह्या जमल्या आहेत.