रॉकेलखालचा धातू

सावेडीतल्या एका शाळेत आम्ही प्रयोग दाखवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "रॉकेल स्वतःच पेटते, मग सोडियम त्यात का ठेवतात?"

उत्तर इतिहासात आहे. १८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम मिळवले. काही दिवसांतच कॉस्टिक सोड्यापासून सोडियम. हवा-पाण्यात हे धातू टिकेनात, म्हणून त्यांनी ते नॅफ्थ्यात ठेवले. रॉकेल त्याच जातीचे तेल. सोडियमशी त्याची क्रिया होत नाही, आणि सोडियम त्यात बुडते. पाण्यावर मात्र ते तरंगते, वितळते. हायड्रोजन निघून पेट घेऊ शकतो आणि मागे दाहक कॉस्टिक सोडा उरतो. १८०८ साली पोटॅशियमच्या स्फोटात गे-ल्युसॅक यांची दृष्टी काही काळ गेली होती.

म्हणून तुकडा मुगाच्या दाण्याएवढाच घ्यावा, चिमट्याने उचलून टिपकागदावर कोरडा करावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, मुले दूर असावीत. आग लागल्यास पाणी नको, कोरडी वाळू टाकावी. उरलेला तुकडा मोरीत न टाकता रॉकेलमध्येच परत ठेवावा. गे-ल्युसॅक यांचा धडा आपल्या वर्गात पुन्हा गिरवायला नको.