दोन झडपा की तीन : एका दाव्याचं वाचन
पेटंटच्या कागदात हक्काची हद्द आखतात ते शेवटचे दावे. 1970 च्या पेटंट कायद्यातील कलम 10 नुसार संरक्षण नेमकं कशाला हवं, हे दाव्यांनीच सांगायचं असतं. म्हणूनच एकेका शब्दावर खटले उभे राहतात.

महाराष्ट्राच्या परिचयाचा असा खटला आकुर्डीच्या बजाज ऑटोचा. लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या तंत्राला पेटंट क्रमांक 195904 मिळाला होता. 2007 मध्ये टीव्हीएसने ‘फ्लेम’ ही 125 सीसीची दुचाकी जाहीर केली. तिच्यातही दोन प्लग होते, मात्र सिलिंडरला झडपा तीन. बजाजच्या दाव्यात झडपा दोन होत्या. हा आकडा शोधाचा गाभा मानायचा की नुसता तपशील?

फेब्रुवारी 2008 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दोन प्लगांनाच गाभा मानून टीव्हीएसला मनाई केली. मे 2009 मध्ये खंडपीठाने ती उठवली. दाव्याचे शब्द कसे वाचावेत याचं एक उदाहरण ब्रिटनच्या कॅटनिक खटल्यात सापडतं. तिथे लोखंडी तुळईच्या दाव्यात ‘उभा’ असा शब्द होता; प्रतिवादीचा भाग काही अंश कललेला असूनही तो त्या शब्दात बसतो, असं ठरलं, कारण कामात फरक पडत नव्हता. शब्दाचा हेतू पाहणारं हे वाचन न्याय्यच. पण दाव्यात स्वतःहून लिहिलेला आकडा इतक्या सहज पुसता येत नाही.

सप्टेंबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचा चोख हिशेब ठेवण्याच्या अटीवर टीव्हीएसला मोकळीक दिली आणि खटला लवकर संपवायला सांगितलं. 2019 मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात तडजोड केली.