माग्देबुर्गचा प्रतिकार
रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने राजसत्ता ईश्वरनियुक्त ठरवून अधीनतेची आज्ञा केली. परंतु सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४८ साली आउग्सबुर्ग येथून फर्मान काढून प्रोटेस्टंट नगरांवर जुने विधी लादले, तेव्हा एल्बेकाठच्या माग्देबुर्गच्या धर्मोपदेशकांनी १५५० च्या एप्रिलातील जाहीरनाम्यात त्याच अध्यायातून निराळा, आणि माझ्या मते अधिक सखोल, अर्थ काढला: सत्ता सत्कर्माच्या रक्षणार्थ नेमलेली असल्यामुळे, वरिष्ठ सत्ताधीश धर्माचाच उच्छेद करू लागल्यास त्यास अडविणे हे कनिष्ठ अधिकाऱ्यांचे, म्हणजे नगराच्या कारभाऱ्यांचे, कर्तव्यच होय. रयतेच्या बंडाळीस नव्हे, अधिकारपदासच त्यांनी हे दायित्व दिले, ही गोष्ट फार मोलाची. सॅक्सनीच्या मॉरिसने घातलेला वेढा वर्षभर चालून १५५१ च्या नोव्हेंबरात तहाने उठला. नगराने शरणागती पत्करली, पण आपला पंथ सोडला नाही.