एका छऱ्याची गोष्ट : दीडशे फुटांपासून एका इंचापर्यंत

या मालिकेत आपण एकेका साध्या वस्तूचा इतिहास बघतो. आजची वस्तू इतकी लहान आहे की चिमटीत धरली तर निसटून जाईल. बंदुकीच्या काडतुसातला शिशाचा छरा.

नवीन श्रोत्यांसाठी माझी ओळख एका वाक्यात सांगतो. मी मूळचा साताऱ्याचा, आता सिकंदराबादला राहतो, आणि सैन्यात ईएमईमध्ये होतो. म्हणजे तोफा, गाड्या, रडार यांची दुरुस्ती करणारी शाखा. त्यामुळे कुठलंही यंत्र दिसलं की त्याचं झाकण उघडून बघायची खोड आहे. आजचा विषयसुद्धा त्या खोडीतूनच निघाला.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला क्ले शूटिंगचा नाद आहे. मातीच्या रंगाच्या तबकड्या हवेत उडतात आणि त्या बारा बोअरच्या बंदुकीनं फोडायच्या. आपल्या सैन्यातल्या राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्सला रौप्यपदक मिळवलं, ते याच जातीच्या खेळात. दोन वर्षांपूर्वी मी भाच्याकडे गेलो, तेव्हा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मामा, गॅरेजमध्ये चला. तुम्हाला आवडेल असं काहीतरी केलंय."

गॅरेजमध्ये टेबलावर एक लोखंडी भांडं होतं. त्याला विजेचा हीटर, तळाशी बारीक छिद्रांच्या पितळी तोट्या. तोट्यांच्या जेमतेम इंचभर खाली एक उतरती पट्टी, आणि पट्टीखाली द्रवानं भरलेली बादली. बाजूला एक लहानसा डबा, त्यावर लाल आकडे. भाच्यानं बटण दाबलं. शिसं वितळलं आणि ठिबक सिंचनासारखं टपटप गळायला लागलं. थोड्या वेळानं त्यानं बादलीतून चाळणी वर काढली. चाळणीत हजारो छरे, एकसारखे, मोहरीसारखे गोल.

मी हातमोजा घालून मूठभर उचलले आणि पहिला विचार आला तो हा, की या कामासाठी माणसानं एकेकाळी दीडशे-दोनशे फुटांचे मनोरे बांधले होते! ते इथे एका टेबलावर कसं आलं?

आधी 'बारा बोअर'चा अर्थ सांगतो, कारण शब्द सगळ्यांना माहीत असतो आणि अर्थ फार थोड्यांना. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. सोळा गोळ्या केल्या तर सोळा बोअर. म्हणून आकडा मोठा तर नळी लहान. बंदुकीचं माप इंचात नाही, शिशात मोजलं गेलं.

मोठी गोळी साच्यात ओतता येते. दोन मिलिमीटरचा छरा साच्यात ओतायचा म्हटलं तर जन्म जाईल. अमेरिकी मापानं नऊ नंबरचे छरे एका औंसात साधारण 585 बसतात. म्हणून पूर्वी शिशाच्या पत्र्याचे चौकोनी तुकडे कापायचे आणि ते घोळवून घोळवून कसेबसे गोल करायचे.

पुढची पायरी 1665 साली छापलेली सापडते. रॉबर्ट हुक यांच्या 'मायक्रोग्राफिया' या प्रसिद्ध ग्रंथात ऱ्हाइनच्या प्रिन्स रूपर्टची रीत दिली आहे. वितळलेलं शिसं चाळणीतून पाण्यात गाळायचं. त्या शिशात ते थोडी हरताळ घालत. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं खनिज. आपल्याकडे पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला तेच वापरायचे, त्यावरूनच 'हरताळ फासणे' आलं. शुद्ध शिशाच्या थेंबाला शेपूट राहते, आर्सेनिकचा अंश असला की थेंब गोलाईवर येतो. पण रूपर्टच्या छऱ्यात एक दोष होता. चाळणीपासून पाणी फार जवळ. थेंब नीट गोल व्हायच्या आत थंड पाण्यात पडायचा, एका बाजूनं आधी गोठायचा आणि त्याला खळी पडायची. तसा छरा हवेत सरळ जात नाही.

हा दोष काढला तो ब्रिस्टलच्या एका प्लंबरनं. विल्यम वॉट्स त्याचं नाव. 1782 साली त्यानं पेटंट घेतलं. त्याला स्वप्नात शिशाचा पाऊस दिसला अशी दंतकथा ब्रिस्टलमध्ये सांगतात. स्वप्न पडलं असो वा नसो, कल्पना पावसाचीच होती. कुठलाही द्रवाचा थेंब मोकळा सोडला की पृष्ठताण त्याला आवळून गोल करतो, कारण तेवढ्या द्रवाला सर्वांत कमी पृष्ठभाग गोल आकारातच मिळतो. फक्त त्याला मोकळं पडायला वेळ द्यायचा. गोल होईल आणि वरून कवच धरेल इतका वेळ. मग खाली पाण्यात पडला तरी आकार बिघडत नाही.

आता हिशेब करा. दीडशे फुटांवरून सोडलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडून दिला तर, तीन सेकंदांत खाली येते. म्हणजे तीन सेकंद विकत घ्यायला दीडशे फूट उंची बांधायची! वॉट्सनं स्वतःच्या राहत्या घरावर मजले चढवले आणि खाली जमीनही खोदली. शेजाऱ्यांचं काय म्हणणं होतं देव जाणे. छरे मात्र उत्तम निघाले. पैसाही आला. पण तो त्यानं क्लिफ्टनच्या कड्यावर विंडसर टेरेस नावाची घरं बांधण्यात घातला आणि दिवाळखोर झाला.

त्याची युक्ती मात्र जगभर गेली. इंग्लंडमध्ये चेस्टरला 1799 साली 168 फुटांचा मनोरा उभा राहिला आणि नेपोलियनच्या युद्धांच्या काळात तिथे काम चाललं. तो आजही उभा आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला 1828 चा मनोरा आहे, उंची सुमारे 234 फूट, विटा दहा लाखांहून जास्त. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असाच एक विटांचा मनोरा आहे. भोवती बाजारसंकुल झालं तेव्हा तो पाडला नाही, त्याच्यावर काचेचा मोठा शंकू घातला. वॉट्सचं मूळ घर मात्र 1968 साली रस्ता रुंद करताना पाडलं गेलं.

मनोऱ्यात वर भट्टी, खाली पाण्याचा हौद. छरे वाळवायचे आणि उतरत्या फळीवरून सोडायचे. जो गोल तो वेगानं घरंगळत जाऊन पुढची फट ओलांडायचा. जो वेडावाकडा तो रेंगाळायचा आणि फटीत पडायचा, पुन्हा भट्टीत. आमच्या प्रशिक्षणातसुद्धा साधारण हीच पद्धत होती.

मग हा दीडशे फुटांचा मनोरा एका इंचावर कसा आला? त्याचं श्रेय लॉस एंजेलिसच्या लुई ब्लाइमायस्टर यांना. त्यांचं पेटंट 1961 चं. त्यांनी थेंबाला वेळ दिला, पण हवेत नाही, गरम द्रवात. बारीक छिद्रातून शिसं फक्त इंचभर खाली गरम द्रवात पडतं, तिथे उतारावरून घरंगळतं आणि मग तीनेक फूट खाली जातं. द्रव गरम असल्यामुळे थेंब एकदम गोठत नाही. घरंगळताना गोल होतो. उंचीनं जे काम केलं होतं ते तापमानानं केलं.

पण मग तापमान सांभाळावं लागतं. शिसं 327 अंश सेल्सियसला वितळतं. भांडं थोडं निवलं की छिद्रातच गोठतं, फार तापलं की थेंबाऐवजी धार लागते. लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला यायचा. भाता मारता मारता तो भांड्याच्या रंगाकडे आणि नवसागराच्या धुराकडे बघून ओळखायचा की आता कथील फिरवायचं. त्याच्या डोळ्यात थर्मामीटर होता. भाच्याच्या टेबलावर ते काम लाल आकड्यांचा डबा करत होता.

अर्थात मी झाकण उघडायला लावलंच. आत दोन जुने ओळखीचे भेटले. पहिला थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडल्या आणि एक जोड तापवला की वीज निर्माण होते, हे थॉमस सीबेक यांना 1821 साली दिसलेल्या परिणामातून कळलं. दुसरा, ज्याला आज पीआयडी म्हणतात तो नियम. निकोलस मिनोर्स्की यांनी 1922 साली जहाजं आपोआप सरळ कशी चालवावीत यावर निबंध लिहिला, त्यात त्याचं गणित आहे.

हा नियम मी जवानांना घाटातल्या ट्रकवरून शिकवायचो. वेग तीस हवा आहे आणि आत्ता वीस आहे, तर किती कमी आहे ते बघून पाय दाबा. चढामुळे बराच वेळ पंचविसावरच अडकलाय, तर साचलेली तूट बघून अजून थोडं दाबा. आणि वेग झपाट्यानं वाढायला लागला, तर तीस व्हायच्या आधीच पाय सैल करा. आत्ताची तूट, साचलेली तूट, बदलाचा वेग. चांगला ड्रायव्हर हे तिन्ही न सांगता करतो. डबा तेच गणितानं करतो, आणि दमत नाही.

मी खरंच खूश झालो. भाच्याची पाठ थोपटली. आणि मग मागच्या फळीवर नजर गेली. तिथे रंगीत खडूंचा डबा होता. त्याची मुलगी चार वर्षांची. बाबा काम करत असले की ती गॅरेजच्या दारात बसून चित्रं काढते. खडूंच्या डब्यावर करडी धूळ होती.

लाल आकडे शिशाचं तापमान अंशापर्यंत सांगत होते. त्या धुळीत काय आहे हे सांगणारा आकडा कुठेच नव्हता.

शिसं शरीरात गेलं की त्याची सुरक्षित पातळी अशी नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल गिळलेलं शिसं चार-पाचपट शोषून घेतं, आणि ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाच्या छऱ्यांवर 1991 पासून देशभर बंदी आहे, कारण तळ्यात पडलेले छरे बदकं खडे समजून गिळत आणि मरत. आपल्याकडे 2000 साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, त्यालाही कारण हेच.

मी भाच्याला म्हणालो, "हे घरातून आजच काढ." त्याला ते लागलं. "मामा, मी मास्क लावतो, पंखा आहे, मी इंजिनिअर आहे." मी म्हणालो, "मीही इंजिनिअर आहे. पंचवीस वर्षं फायरिंग रेंजवर गेलो. फायरिंग संपलं की हात न धुता चहा आणि पुरी खाल्ली, आणि माझ्या जवानांनाही खाऊ दिली. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी कोणाला विचारलं नाही. तू तरी विचार." तो रात्री जेवताना बोलला नाही.

पण आठवड्यात यंत्र क्लबच्या शेडमध्ये गेलं आणि नातीचं रक्त तपासलं. आकडा धोक्याचा नव्हता. शून्यही नव्हता. त्या दिवसापासून भाचा रेंजवरून आला की आधी कपडे बदलतो, मग मुलीला उचलतो.

शेवटी एक गोष्ट, विशेषतः तरुण श्रोत्यांसाठी. हे ऐकून घरी असं यंत्र करायला घेऊ नका. धोका तर आहेच, ओला तुकडा वितळलेल्या शिशात पडला तर वाफेचा स्फोट होऊन ते तोंडावर उडतं. शिवाय आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. हौस म्हणून केलं, ही सबब तिथे चालणार नाही.

तो डबा मात्र जरूर करून बघा. थर्मोकपल आणि कंट्रोलर बाजारात मिळतात. त्यावर दह्याचं विरजण लावा, अंडी उबवा, मूर्तीची माती वाळवा. सीबेक आणि मिनोर्स्की तिथेही तेवढ्याच निष्ठेनं काम करतील.

आणि आमच्यापैकी जे अजून रेंजवर जातात त्यांना विनंती. फायरिंग संपलं की आधी साबणानं हात धुवा. चहा पाच मिनिटं थांबेल.

जय हिंद.