'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे': लाइव्ह अल्बम साधन म्हणून कसा ऐकायचा?

राजोडीहून रिक्षाने नालासोपारा स्टेशन, मग लोकल. एवढ्या प्रवासात माझा एक अल्बम आरामात ऐकून होतो: रिमेम्बर शक्तीचा 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे'. ध्वनिमुद्रण मुंबईत, डिसेंबर २००० मध्ये, प्रकाशन २००१. (शहराचं नाव १९९५ लाच बदललं होतं, अल्बमवर मात्र बॉम्बेच!) आवडता तर आहेच, पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात, म्हणून त्याच्याकडे इतिहासाचं साधन म्हणून बघू.

जॉन मॅकलॉफ्लिन यांची महाविष्णू ऑर्केस्ट्रा प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांना माहीत असतेच. तिच्यानंतर शक्ती: अकूस्टिक गिटार, झाकीरभाईंचा तबला, एल. शंकर यांचं व्हायोलिन, विनायकराम यांचा घटम. पहिला अल्बम जुलै १९७५ च्या, अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या मैफलीचा. म्हणजे तोही लाइव्हच. गंमत पुढे आहे. १९७७ नंतरचा स्टुडिओ अल्बम थेट २०२३ चा, 'धिस मोमेंट'. मधल्या ४६ वर्षांत बँड कसा बदलला हे शोधायचं, तर भिस्त लाइव्ह अल्बमवरच.

मग ऐका. व्हायोलिनच्या जागी यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन. विनायकराम नाहीत, त्यांचा मुलगा सेल्वगणेश आहे, कंजिरा घेऊन. गिटार आता इलेक्ट्रिक. शंकर महादेवन (आपल्या श्रीनिवास खळ्यांचे शिष्य) इथे पाहुणे आहेत. पुढे ते बँडचेच झाले. 'शृंगार' पंचवीस मिनिटांच्या वर चालतं, आणि त्यात शिवकुमार शर्मांचं संतूर. कलम पडताच संतूरचा स्वर विरायला लागतो. इलेक्ट्रिक गिटारचा लांबवता येतो. हा फरक कानांनी पकडायचा असेल तर हीच जागा.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी छातीठोकपणे सांगितलं, "त्या रात्री हेच वाजलं." मागून प्रश्न आला, "अल्बमवर चारच रचना आहेत. मैफल एवढीच होती?" गप्प बसलो. अल्बम ही निवड असते, कुणीतरी केलेली.

लॅबमध्ये शंका आली की मी रीडिंग पुन्हा घेतो. इथे ती सोय नाही. श्रीनिवास २०१४ ला गेले, शिवकुमारजी २०२२ ला, आणि १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई. त्या आठवड्यात मी 'लुकी' दोनदा ऐकलं, आणि पहिल्यांदाच टाळ्या कुठे कुठे पडतात ते वहीत मिनिटांसकट लिहून काढलं.