स्वस्त विजेचा इतिहास : मुळशी ते बिट्टन मार्केट



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरने विजेवर बोलायचे, हे ऐकून काही जणांना नवल वाटले असेल. पण आमच्या शास्त्रात औषध देण्याआधी रोग्याचा इतिहास विचारावा लागतो. दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कशाने उतरते, घरात आणखी कुणाला होते का, हे सगळे विचारून झाले की मगच गोळ्या. विजेच्या प्रश्नाचे मात्र उलटे आहे. सगळ्यांकडे औषध तयार आहे. एक म्हणतो, सगळीकडे सौर पॅनेल लावा. दुसरा म्हणतो, कोळशाशिवाय गत्यंतर नाही. तिसरा म्हणतो, ते काहीही करा, माझे बिल कमी करा. इतिहास विचारायला कुणाला सवड नाही. तो आज आपण विचारू.

बिट्टन मार्केटला आपण भाजीच्या हाटासाठी जातो. त्याच आवारातल्या मेट्रो प्लाझा इमारतीत, पाचव्या मजल्यावर, मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाचे कार्यालय आहे. खाली भेंडीचा भाव आपण घासाघीस करून ठरवतो, वर विजेचा दर ठरतो. खाली आपण चार आण्यांसाठीही वाद घालू. वर जायचे कुणाच्या मनात येत नाही. आयोग दर ठरवण्यापूर्वी वीज कंपन्यांची मागणी वर्तमानपत्रांत जाहीर करतो, हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी येतात, रेल्वे आपली बाजू मांडते, शेतकरी संघटना येतात. घरगुती ग्राहक, म्हणजे तुम्ही-आम्ही, क्वचितच दिसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ऊन की कोळसा, धरण की वायू, असा हा वाद वरवर दिसतो. शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर खरा वाद एकच आढळतो : वीज स्वस्त म्हणतात तेव्हा ती कुणाला स्वस्त, आणि उरलेली किंमत कोण भरतो?

सुरुवात आपल्याच माणसांपासून करू. १९२१ साली पुणे जिल्ह्यातल्या मुळशी पेट्यात टाटांच्या वीज कंपनीचे धरण होणार होते. पाणी अडवायचे, कड्यावरून कोकणात सोडायचे आणि मुंबईला वीज द्यायची, अशी योजना. आजच्या भाषेत ही ‘स्वच्छ ऊर्जा’च, धूर नाही, राख नाही. पण त्या पाण्याखाली मावळ्यांची पन्नासच्या वर गावे आणि भाताची खाचरे जाणार होती. पांडुरंग महादेव बापट यांनी या लढ्याचे नेतृत्व केले आणि ‘सेनापती’ हे नाव त्यांना इथेच मिळाले. सत्याग्रह मोडला, धरण झाले, १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना वीज मिळाली. त्या विजेच्या हिशेबात मावळ्यांच्या खाचरांची किंमत किती धरली होती, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता. धूर नसलेली वीजही कुणाला तरी महाग पडते, हा मुळशीचा पहिला धडा.

आता आपल्या भोपाळकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानीचे काम नागपूर सोडून इथे आले. त्याबरोबर आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-वडीलही फायली आणि ट्रंका घेऊन आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा इथल्या वसाहतींत मराठी आवाज ऐकू येऊ लागले. जलविद्युत केंद्रांची अजस्र यंत्रे या शहरात बनू लागली. नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी भोपाळचा हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला आणि त्याच महिन्यात चंबळेवरच्या गांधीसागरचे उद्घाटनही केले. पुढे १९६७ साली बैतूल जिल्ह्यातल्या सारणीचे औष्णिक केंद्र पाथाखेड्याच्या कोळशावर चालू झाले. त्या पिढीला वीज म्हणजे राष्ट्रउभारणी. मंडळाचे मुख्यालय जबलपूरला. दर मंडळ आणि सरकार ठरवणार. ग्राहकाने फक्त बिल भरायचे.

पुढे वीज ही निवडणुकीतली वस्तू झाली. १९९३ नंतर पाच अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना आणि गरिबांच्या एकबत्ती जोडण्यांना फुकट वीज मिळू लागली. त्यामागे कणव नव्हती असे मी म्हणणार नाही. एक दिवा लागला की झोपडीतले पोर रात्री पुस्तक उघडते. पण फुकट विजेचे पैसे मंडळाला वेळेवर मिळाले नाहीत, तारा जुन्या होत गेल्या, गळती आणि चोरी वाढली. मग १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. कोरब्याची वीजघरे तिकडे गेली. माळवा-निमाडचे पंप इकडे राहिले.

त्यानंतरची कटौती आठवते ना? माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, म्हणून दवाखाना मेणबत्तीवरही चालला. शेजारच्या बालरोगतज्ज्ञांना मात्र लसी वाचवण्यासाठी बर्फाच्या लाद्या आणाव्या लागत. गावांत तर रब्बीच्या दिवसांत शेतकरी कडाक्याच्या थंडीत रात्री दोन वाजता पाणी लावायला उठत. २००३च्या डिसेंबरात ‘बिजली, सड़क, पानी’ या तीन शब्दांनी दहा वर्षांचे सरकार उलटवले. २३० जागांपैकी काँग्रेसला ३८ मिळाल्या. फुकट वीज दिलेल्या सरकारला लोकांनी विजेवरूनच घरी पाठवले. फुकट असून नसलेल्या विजेपेक्षा पैसे देऊन असलेली वीज बरी, असा त्या मतदानाचा एक अर्थ मी लावतो.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. १९९०च्या दशकात सरकारांकडे पैसा नव्हता आणि खाजगी कंपन्यांना वीजघरे उभारायला बोलावणे सुरू झाले. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनच्या कंपनीशी करार केला. पुढच्याच वर्षी आपल्या मंडळाने अहिल्याबाईंच्या महेश्वराजवळ, नर्मदेवरच्या ४०० मेगावॉटच्या खाजगी जलविद्युत प्रकल्पासाठी करार केला. एक इंधनाचा, एक पाण्याचा. दोन्हींचा आजार मात्र एक. वीज घेतली किंवा न घेतली तरी ठरावीक रक्कम देण्याचे बंधन, दीर्घ मुदत, आणि सही होण्यापूर्वी जनतेसमोर हिशेब नाही.

दाभोळचे पुढे काय झाले, ते आपण मराठी वर्तमानपत्रांत वाचले आहे. १९९५ साली नव्या सरकारने करार रद्द केला, मग वाटाघाटी करून पुन्हा केला. १९९९ साली नाफ्थ्यावर वीज सुरू झाली. दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला, दोन्ही चढले. २००१ साली मंडळाने वीज घेणे थांबवले. पुण्याच्या प्रयास गटाने या कराराचे आकडे आधीच तपासून दाखवले होते. करार झाल्यावर आठ वर्षांनी माधव गोडबोले समितीने त्याची चिकित्सा केली. म्हणजे शवविच्छेदन उत्तम झाले. रोगी असताना तपासणी झाली नाही.

महेश्वरला गावकऱ्यांनी १९९७-९८पासून सत्याग्रह केले. बांध उभा राहिला, पण राज्याला वीज मिळाली नाही. शेवटी एप्रिल २०२० मध्ये तो करार रद्द झाला. सव्वीस वर्षे नदीकाठची माणसे ‘उठावे लागणार की नाही’ या एकाच प्रश्नावर जगली. मुलांची लग्ने, घरांची डागडुजी, शेतात विहीर, सगळे त्या प्रश्नापाशी अडले. त्या वर्षांचे बिल कोणत्या मीटरवर मोजणार?

हरसूदचे दुःख तर पूर्णच झाले. १९८९च्या सप्टेंबरात त्या गावात देशभरातून हजारो लोक जमले होते. बाबा आमटे त्यांत होते. १९९०पासून बाबांनी आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम केला. तरी २००४च्या पावसाळ्यात इंदिरासागरच्या जलाशयासाठी हरसूद रिकामे झाले. लोकांनी आपल्याच हातांनी घरांच्या विटा काढून नेल्या. इंदिरासागरची क्षमता १००० मेगावॉट आहे. संध्याकाळी एकदम मागणी वाढते तेव्हा असे जलविद्युत केंद्र फार उपयोगी पडते, हेही खरे. आपल्या बैठकीच्या खोलीतल्या दिव्यात हरसूदचा वाटा आहे. बिलावर तो छापलेला नसतो.

आता आजच्या वादाकडे येऊ. त्याची दोन टोके आपल्याच राज्याच्या पूर्वेला आहेत. सिंगरौलीतल्या सासन प्रकल्पासाठी २००७ साली कोळशाच्या खाणीसकट जी बोली मान्य झाली, ती सरासरी १ रुपया १९ पैसे युनिट अशी होती. कोळशाचे समर्थक हा आकडा पुढे करतात आणि तो खोटा नाही. दुसरे टोक रीवा जिल्ह्यातल्या गुढचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचा लिलाव झाला आणि पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैशांवर आला. दर वर्षी पाच पैसे वाढत पंधरा वर्षे, म्हणजे पंचवीस वर्षांची सरासरी ३ रुपये ३० पैसे. त्या वेळी सौर विजेसाठी हा देशातला नीचांक होता. त्यातली २४ टक्के वीज दिल्ली मेट्रोने घेतली.

१ रुपया १९ पैसे आणि ३ रुपये ३० पैसे शेजारी ठेवून ‘बघा, ऊन महाग’ म्हणणे सोपे आहे. पण पहिल्या आकड्यात सिंगरौलीच्या माणसांच्या छातीतली धूळ नाही, राखेचे तलाव नाहीत, खाणीसाठी उठलेली गावे नाहीत. शेजाऱ्यांच्या फुप्फुसांची किंमत कारखान्याच्या खात्यात लिहिली नाही तर काय होते, हे १९८४च्या डिसेंबरनंतर भोपाळकरांना कुणी शिकवायला नको. त्याचबरोबर दुसऱ्या आकड्यातही रात्र नाही. सूर्य मावळल्यावर गुढची पॅनेले झोपतात. तेव्हाची वीज साठवायची किंवा दुसरीकडून आणायची, त्याचा खर्च वेगळा. दोन्ही बाजू अर्धे बिल दाखवतात.

रीवाचा दर खाली आला तो काही केवळ उन्हामुळे नव्हे. ऊन तर राजस्थानातही आहे. पैसे वेळेवर मिळतील याची राज्याने हमी दिली, आतल्या वाहिन्यांसाठी स्वस्त कर्ज मिळाले, कराराचे कागद आधी चर्चेला ठेवले आणि मग उघड लिलाव झाला. दाभोळ आणि महेश्वरला जे झाले नाही, ते इथे झाले. माझ्या मते हा विजय जितका सूर्याचा, तितकाच उघड्या वहीचा आहे.

पण वही एकदा उघडून भागत नाही. कटौतीच्या धसक्याने राज्याने पुढे खाजगी औष्णिक केंद्रांशीही दीर्घ करार केले. वीज भरपूर झाली. आता काही वेळा न घेतलेल्या विजेचाही स्थिर आकार द्यावा लागतो. १५० युनिटांच्या आत वापर ठेवणाऱ्या घरांना पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात. बाकीचे सरकार भरते, म्हणजे आपणच दुसऱ्या खिशातून भरतो. २०२५-२६ साठी कंपन्यांनी ७.५२ टक्के वाढ मागितली होती. आयोगाने सरासरी ३.४६ टक्के मान्य केली. हा फरक सुनावणी आणि तपासणीच्या टेबलावर पडतो, निवडणुकीच्या सभेत नाही.

आपल्या वस्तीतही हा वाद आहे. अरेरा कॉलनीतल्या बंगल्याच्या गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेले बसतात, केंद्राचे ७८ हजार रुपये अनुदान मिळते, बिल जवळपास शून्यावर येते. मागच्या गल्लीतल्या भाडेकरूला गच्चीच नाही. तो विचारतो, खांब आणि तारांचा खर्च आता माझ्याच डोक्यावर का? बंगलेवाला म्हणतो, दुपारी माझी वीज तुझ्याच पंख्याला येते, दुरून आणण्याची गळती वाचते. दोघांचेही खरे आहे. केंद्राच्या २०२३च्या नियमांनी उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितले आहे. संध्याकाळी तो चढणार. आमच्या जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतात, त्याची कारणे वेगळी आहेत. पण दिवसाची कामे दिवसा उरकण्याला आता मीटरही दाद देईल. शेतीपंपाला दिवसा सौर वीज मिळाली, तर त्या रात्री दोनच्या थंडीतून शेतकरी सुटेल. मला सौर विजेच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा वाटतो.

तेव्हा माझे निदान असे. दिवसा उन्हाला पहिला मान द्यावा. रात्रीसाठी पाणी, साठवण आणि असलेला कोळसा जपून वापरावा. आणि पंचवीस वर्षांचा कोणताही नवा करार, मग तो कोळशाचा असो वा उन्हाचा, हिशेब लोकांपुढे मांडल्याशिवाय करू नये. त्या हिशेबात उठणारी गावे, राख, रात्र आणि भाडेकरू हे चारही रकाने असावेत.

मुळशीच्या मावळ्यांना हरकत नोंदवायला तुरुंगाचा रस्ता धरावा लागला. आपल्याला एक अर्ज पुरतो. पुढची दर-सूचना वर्तमानपत्रात आली की मंडळाच्या वतीने चार-पाच जणांनी ती बारकाईने वाचावी, लेखी हरकत द्यावी आणि सुनावणीला हजर राहावे. आपल्यात वीज मंडळातून आणि हेवी इलेक्ट्रिकल्समधून निवृत्त झालेले कितीतरी जाणकार आहेत. आकडे त्यांनी वाचावेत, मसुदा आम्ही लिहू. बिट्टन मार्केटच्या हाटात जो चौकसपणा आपण दाखवतो, तेवढा पाचव्या मजल्यावर पुरेसा आहे.